जागा होती

मी एक स्क्रिप्ट बोलतेय. नाटकाची नव्हे, संगणकाला दिलेल्या हुकमांची, जेमतेम पानभराची. गोंदियातल्या एका छोट्या दैनिकाचे तीन सर्व्हर माझ्या नजरेखाली आहेत. एक मुख्य कचेरीत, एक गोरेगावला, एक अर्जुनी मोरगावला. बातम्या, फोटो, व्हिडिओ सगळं तिथल्या डिस्कवर साठतं. रोज सकाळी तिन्हीकडे डोकावायचं, कुठे किती भरलंय ते पाहायचं आणि कचेरीच्या ग्रुपवर कळवायचं, एवढंच माझं आयुष्य.

मला देवानंदने लिहिलं. कुडव्याहून मोटारसायकलवर येणारा आमचा संगणकवाला. त्याआधी तो फोन करून विचारायचा, आणि पलीकडून न पाहताच उत्तर यायचं, "हाये ना बे जागा, भरपूर हाये!" या थापांना वैतागून त्याने मला जन्म दिला.

काय दिवस होते ते! माझा निरोप लोक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. जुना कचरा आपापला काढून टाकायचे.

त्याच काळात आमची बातमीदार दुर्गेश्वरी केशोरी गावाला भाताच्या रोवणीवर, म्हणजे लावणीवर गेली. बांधीतल्या चिखलात वाकून, हातात भाताच्या रोपांचे पऱ्हे घेऊन तिथल्या शकुंतलाबाई रोवणीची गाणी गात होत्या. दुर्गेश्वरीने ते चित्रित केलं आणि मग दर रोवणीला जात राहिली. मला गाण्याचा कान नाही. पण ती फाइल उघडली की कचेरीत कोणी काही सेव्ह करायचं नाही. सगळ्यांची कामं थांबायची. त्यावरून मी ओळखायचे.

मग आल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. गल्लीबोळातला प्रत्येक नेता जन्मला होता आणि ते छापायचं होतं. एकेका जाहिरातीच्या फाइली किती! 'फायनल', 'नवीन फायनल', 'एकदम फायनल'. पुसायला कोणाचा हात धजेना. डिस्क भरत गेली, मी ओरडत गेले.

"रोज तीच बोंब!" मालक इंदरलालजी म्हणाले. "देवानंद, इची हद्द वाढव."

"शेठ, हद्द वाढवून जागा नाही वाढत."

"किटकिट तर कमी होते ना!"

ऐंशी टक्के भरल्यावर ओरडणारी मी नव्वदवर ओरडू लागले, मग पार नाकातोंडात पाणी गेल्यावर. ताप उतरवण्याऐवजी तापमापक बदलणारी ही माणसं!

शेवटी एका पुढाऱ्याच्या वाढदिवस विशेषांकाचं पान सेव्हच होईना. माझा निरोप गेला. पहिली ओळ: मुख्य सर्व्हर भरला. दुसरी: सर्वांत मोठं फोल्डर, केशोरी रोवणी. तिसरी: गोरेगावचा सर्व्हर निम्मा रिकामा.

इंदरलालजींनी दोनच ओळी वाचल्या. "उडव ते. जाहिरात थांबली नाही पाहिजे."

दुर्गेश्वरी त्या दिवशी दौऱ्यावर होती. देवानंदने उडवलं. दुसरी प्रत करून ठेवायला हवी, असं सगळेच कधीपासून म्हणत होते. केली कोणीच नव्हती.

त्या हिवाळ्यात शकुंतलाबाई गेल्या. त्यांची मुलगी निर्मलाबाई पदराच्या गाठीत पेन ड्राइव्ह बांधून कचेरीत आली.

"दुर्गाताई, माह्या मायचा आवाज यात टाकून द्या ना. माही पोरगी इचारून राहिली, आजी कशी गाये म्हणून."

इंदरलालजी कॅबिनमधून म्हणाले, "ताई, काय करणार? मशीनमध्ये जागाच नव्हती."

दुर्गेश्वरीने मोबाइल काढला. ग्रुपवर मागे मागे जात माझा तो निरोप शोधला आणि तिसरी ओळ मोठ्याने वाचली. "जागा होती, शेठ."

"मंग कायले पुसलं?" निर्मलाबाईने विचारलं. पेन ड्राइव्ह तिने पुन्हा पदराला बांधला. ती गेली.

आता ग्रुपमधल्या बहुतेकांनी माझा आवाज बंद करून ठेवलाय. तरी मी सकाळी निरोप पाठवते, कोणी वाचो न वाचो. पण वाचणाऱ्यांनो, एक ऐका. मला फक्त वजन कळतं. फोल्डरमध्ये जाहिरात आहे की कोणाची माय, हे मला सांगता येत नाही. तेवढं तुम्ही उघडून पाहा. मग पुसा.