नळीतलं तेल

ताईसारखी काटेकोर बाई शोधून सापडायची नाही. इस्पितळाच्या औषध विभागात बावीस वर्षं सिरिंजा भरल्या, थेंबाची चूक नाही. तिच्या टेबलावर धूळ शोधायला गेलेला माणूस दमून घरी जायचा.

धाकट्या बहिणीला सांध्यांचं दुखणं. बोटं अशी वळलेली, की सदऱ्याचं बटण म्हणजे डोंगर. दोन औषधं वाया गेली. तिसरं मात्र लागू पडलं. आठवड्याला एक इंजेक्शन, छोट्या काचेच्या बाटलीतून. तीन महिन्यांत धाकटीनं लेकीची वेणी घातली आणि ढसाढसा रडली. "ताई, बघ गं, मी घातली!"

तोवर दवाखान्यात टोचून देत होते, पण पुढं घरी बाटलीतून औषध ओढणं तिला काही जमेना. नवरा तर सुई बघूनच पांढराफटक. ताई राहायची गावाच्या दुसऱ्या टोकाला, दर आठवड्याला येणार कशी? मग तिनं तोडगा काढला. महिन्यातून एका रविवारी यायचं, चार बाटल्या चार प्लॅस्टिकच्या सिरिंजांत भरायच्या, टिचक्या मारून बुडबुडा वर आणायचा, टोपण लावायचं, तारीख लिहायची, फ्रीजमध्ये ठेवायच्या. धाकटीनं नुसतं टोचायचं. इस्पितळात दुखण्यावरची औषधं अशीच तर भरून ठेवतात, त्यात काय एवढं! खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, 'काढल्यावर लगेच टोचा.' ते जंतूंसाठी, ताई म्हणाली, आणि माझ्या हाताला जंतू फिरकत नाहीत. अहो, अडाण्याला ही चूक सुचलीच नसती. त्याला शिकलेलाच माणूस लागतो.

पुढं सहा महिने झाले आणि बोटं पुन्हा आखडायला लागली. रक्त तपासलं, तर त्या औषधाविरुद्धच अंगात फौज उभी राहिलेली. "घरी ठेवत कसं होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ताईनं सगळं सांगितलं, तेही जरा तोऱ्यातच. मग बाईंनी औषधाच्या कंपनीत फोन लावून तो ताईच्या हातात दिला.

पलीकडचा माणूस शांतपणे बोलत होता. "सिरिंजला आतून तेलाचा बारीक हात दिलेला असतो, दट्ट्या सरकावा म्हणून. हे औषध म्हणजे प्रोटीन. ते तेलाला चिकटतं. हवेचा बुडबुडा असला, टिचक्या मारल्या की जास्तच. दिवस जातात तशा त्याच्या गुठळ्या होतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. मग शरीर त्यांना शत्रू समजू शकतं."

जन्मभर डोळ्यांत तेल घालून काम केलेली बाई ती. तिला हे तेल दिसलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळं झालं?"

"खात्रीनं नाही सांगता येणार. सगळं नीट करूनही काहींना होतं."

आता या उत्तराचं करायचं काय? दोष तरी पुरता पदरात पडावा ना! तोही पडेना.

ताईनं त्याच दिवशी धाकटीला सांगितलं, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्याच. ऐकता ऐकता धाकटीचा चेहरा उजळला.

"अगं, मग रडतेस काय वेड्यासारखी! चूक सापडली ना? मला वाटलं, औषधच संपलं माझं. आता दर वेळी बाटलीतून ताजं काढून दे. मी येईन तुझ्याकडे, रिक्षा करून."

"राणी, तसं नाही गं." ताई म्हणाली. "शरीरानं ते ओळखून ठेवलंय आता. काचेतलं दे नाहीतर सोन्यातलं दे, शरीर त्याला लागू पडू द्यायचं नाही."

"मग दुसरं कुठलं?"

"डॉक्टरीणबाई सध्या तरी नाही म्हणाल्या."

धाकटीनं आपल्या हातांकडे बघितलं. शाळेत कुणी छळलं की ताईनं जाऊन दोन शब्द सुनवायचे, आणि प्रकरण तिथंच मिटायचं. इतकी वर्षं असंच चालत आलं होतं.

"मग तू सांग ना माझ्या शरीराला," ती म्हणाली. "ते औषध आपलंच आहे म्हणून."

ताईनं धाकटीची बोटं हातात घेतली, आणि दुखतील म्हणून लगेच सोडून दिली.