घावण्याचं नाक

नवऱ्याचं नाव मी जन्मात एकदाच मोठ्याने घेतलं. तेही भर चोरबाजारात, आणि एका तव्यापायी.

तवा साधासुधा नव्हे. बिडाचा, माझ्या आईचा. लग्न झाल्यावर बोटीतून मुंबईला आले ती तो उशाला घेऊन. ओततानाच त्याच्या काठाजवळ चण्याएवढा खळगा राहिला होता. त्यात तांदळाचं पातळ पीठ बसायचं आणि प्रत्येक घावण्याला एक छोटंसं नाक यायचं. लालबागच्या आमच्या चाळीत सकाळी आठ गिरणीवाले माझ्याकडे घावणी खायला येत आणि आधी नाक खुडून तोंडात टाकत.

जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे पेटले, तेव्हा आमचे हे तो तवा उपरण्याने डोक्यावर बांधून मोर्च्याला गेले. लाठी बसली तर डोकं वाचेल म्हणे! मी नळावर होते, नाहीतर पहिली लाठी घरातच बसली असती. संध्याकाळी परत आले ते डोकं शाबूत आणि तवा गायब.

"पोलिसाची लाठी तव्यार बसली गो चंपा, ठण्ण! लाठीचे दोन तुकडे! मगे चार पोलिसांनी मिळून तवो जप्त केल्यानी."

त्याच मोर्च्यात आमच्या शेजारच्या राधाबाईंचा आनंदा गोळी लागून गेला. एकोणीस वर्षांचा पोर. चाळ सुन्न झाली होती. कशाला तरी हसायला हवं होतं, म्हणून असेल, सगळ्यांनी आमच्या तव्याची गोष्ट उचलून धरली. चार पोलिसांचे आठवड्यात चौदा झाले. ह्यांना "तवेवाले लवूभाऊ" म्हणायला लागले. ह्यांच्या मिशा वर गेल्या त्या खाली यायचं नाव घेईनात.

आणि मी? मी आणलेल्या पत्र्याच्या तव्यावर घावणी चिकटत होती. खरवडून काढावीत तर ताटात चिंध्या. तीन महिन्यांत आठातले तीन गिरणीवाले उरले, तेही नात्यातले म्हणून.

त्यात मंडळाचे सेक्रेटरी जयवंतराव घरी आले. "वहिनी, रविवारी लवूभाऊंचा सत्कार. शाल राधाबाईंच्या हस्ते. आणि फराळाला तुमची घावणी, पन्नास माणसांची."

पन्नास माणसं, आणि पत्र्याचा तवा! माझ्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी जुना बाजार भरतो. सकाळीच डब्यात घावण्याचं पीठ घेतलं, अर्धा कांदा, तेलाची बाटली, कालथा घेतला आणि ट्रामने चोरबाजार गाठला. बाजारातला तवा नुसता बघून घेतात ते फसतात. मी घावणं टाकून बघणार होते.

पहिल्या दुकानदाराने काळाकुळकुळीत तवा पुढे केला. "पचास साल पुराना, बाई!" मी बोट फिरवून नाकाला लावलं. बूटपॉलिश! म्हटलं, "ये तवा है का चप्पल?" दुसरा उचलला तो हाताला हलका लागला, म्हणजे पत्राच. तिसरा चांगला जड होता, पण बीड वाजवून घ्यायचं असतं. टिचकी मारली तर टण्ण नाही, भद् वाजलं. तडा गेलेला. विकणाऱ्याला म्हटलं, "मेल्या, हा चुलीवर ठेवला तर दोन होतील." तो म्हणाला, "दो मिलेंगे तो आपकाच फायदा है."

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे चाचा खाटेवर बसून स्टोव्ह दुरुस्त करत होते. त्यांच्या खाटेखाली मला गोणपाटात काहीतरी गोल दिसलं. मी वाकून ओढलंच. गंज चढलेला, पण जड. टिचकी मारली. टण्ण!

"वो बेचने का नहीं," चाचा म्हणाले. "किसी की अमानत है."

"अमानत रहने दो. एक घावणं तो टाकने देव!"

माझ्या हिंदीला घाबरले की काय कोण जाणे, पण त्यांनी स्टोव्ह पेटवून दिला. मी गंज घासला, तेलात बुडवून कांदा फिरवला. पहिली दोन घावणी गंजातच गेली. तिसरं टाकलं, झाकलं, कालथा घातला आणि ते अलगद सुटून वर आलं. काठाजवळ चण्याएवढं नाक!

मी किंचाळलेच. "माझा तवा! माझ्या आयशीचा तवा! चोर मेले!"

माणसं जमली. चाचा शांत. "बाई, चोरी का नहीं है. मोर्चे के दिन एक आदमी भागता आया, सर पे ये बांध के. सीधा खाट के नीचे. शाम तक निकलाच नहीं. मैं बोला, सर पे लोहा देख के पुलिस पकडेगी, इधर रख, बाद में ले जा. वो अपना नाम बताया, बोला, मेरे औरत का है, संभालना. फिर आयाच नहीं. तुम्हारा है तो उस आदमी का नाम बोलो."

आता आली का पंचाईत! अख्खी गल्ली माझ्या तोंडाकडे बघतेय. डोळे मिटले, आईची माफी मागितली आणि ओरडले, "लवू!"

"बराबर," चाचा म्हणाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, ते घावणं मात्र खाल्लं.

ट्राममध्ये आधी मला हसू आलं. मग डोकं तापलं. तवा घरी आला असता तर बढाई उघडी पडली असती, म्हणून ह्यांनी तो तिथेच सडू दिला! माझी तीन महिन्यांची सकाळ ह्यांच्या मिशीवर खर्ची पडली. आणि त्या खोट्याला शाल राधाबाईंच्या हातून? ते मात्र मला सहन होईना. पण घरी गेल्यावर तवा लपवला आणि गप्प राहिले.

रविवारी चाळीच्या अंगणात जयवंतराव भाषण करत होते. पोलीस आता चोवीस झाले होते. राधाबाई मांडीवर शाल घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. मी जिन्यामागे चूल मांडली होती, तिथून येऊन ह्यांच्या पुढ्यात बशी ठेवली. "भाषणाआधी दोन घास खाऊन घ्या."

ह्यांनी घावणं उचललं आणि नाक दिसलं. तोंडाचा रंगच उडाला. "गो, ह्यां खंय...?"

"चाचांनी सलाम सांगितलाय," मी हळूच म्हटलं. "खाट अजून तशीच आहे."

तेवढ्यात राधाबाई शाल घेऊन उठल्या. ह्यांनी त्यांच्या हातातल्या शालीकडे पाहिलं आणि ताडकन उभे राहिले. "काकी, थांबा. माका शाल नको. लाठी नाय, पोलीस नाय. मी पळालंय. काळोख पडासर एका खाटेखाली लपान बसलंय. खोटा बोललंय मी."

मग जयवंतराव गहिवरून म्हणाले, "पाहा, केवढा हा विनय!" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट! ह्यांनी कपाळावर हात मारला. माझा राग कुठल्या कुठे गेला, खोटं कशाला बोलू.

राधाबाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी शाल ह्यांच्या अंगावर घातली आणि लहान पोराला गुंडाळतात तशी घट्ट गुंडाळली.

"खाटेखाली लपलस तां बरा केलस, झिला," त्या म्हणाल्या. "माझ्या आनंदाक खाट मिळाली नाय."

हे शाल तोंडावर ओढून रडायला लागले. मीही रडले. मागे टाळ्या चालूच होत्या. राधाबाई माझ्याकडे वळल्या आणि खुर्चीत बसत म्हणाल्या, "दी गो चंपा, एक घावणा माका." आनंदा गेल्यापासून त्यांनी कुणाकडे काही मागून खाल्लं नव्हतं. मी तव्यावरचं गरम घावणं त्यांना वाढलं. त्यांनी आधी नाक खुडलं.