दाब, धर, सोड

आमच्या गाडीला दोनच सीट आहेत. एक चालवणाऱ्याची आणि दुसरी माझी. निदान माझं गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तरी मी असंच समजत होते.

गाडी म्हणजे एमजी. एवढं सांगितलं की भिवंडीतला कुणीही लगेच विचारतो, "कुठलं मॉडेल? सनरूफ आहे का?" हिला रूफच नाही. कापडी टप आहे आणि तो मी शिवलाय. एकोणीसशे बावन्न सालची, बोटीनं इंग्लंडहून आलेली ही गाडी एका पॉवरलूमवाल्या शेठच्या गोडाऊनमध्ये टाकाऊ सुताच्या ढिगाखाली कित्येक वर्षं गाडली गेली होती. माझ्या नवऱ्यानं, अवधूतनं, ती टेम्पोत घालून घरी आणली. बँकेतून निवृत्त झालेली माणसं ज्येष्ठ नागरिक संघात जातात, बागेत जाऊन मोठमोठ्यानं हसतात. आमचा अवधूत गाडीखाली गेला तो गेलाच. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात मात्र एकेरीच, आणि रागावले की मनातलंच खरं.

तिच्यासाठी अंगणातला माझा मोगरा गेला. कपडे वाळत घालायची तार गेली. पत्र्याची शेड आली, ग्रीसचा वास आला, आणि "ही गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी चालवायची असते" हे वाक्य आलं. आल्यागेल्या प्रत्येकाला तो ते ऐकवायचा. पण मी कधी तक्रार केली नाही, कारण गाडीत माझं एक काम होतं. ब्रेक दाबायचं.

ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं पडून एक छोटासा नट ढिला करायचा, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. नट परत आवळेपर्यंत पेडल सोडायचं नाही. सोडलं की हवा पुन्हा आत गेलीच आणि सगळी मेहनत पाण्यात. अवधूत खालून ओरडायचा, "दाब! धर!" मी धरायचे. पेडल तळाला टेकलं की मी दारावर हातातली बांगडी ठोकायचे, ठक. तो नट आवळायचा आणि म्हणायचा, "सोड." माझे पाय आखूड, म्हणून पाठीशी घ्यायला मी जुन्या नऊवारीची एक उशी शिवून घेतली होती. त्या सीटवर मी शाळेचे पेपर तपासलेत, आमच्या लेकीच्या, तन्याच्या, सासरच्यांशी फोनवर बोललेय, एकदा तर भांडण चालू असतानाही दाबत होते. आम्ही तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो, फक्त दाब, धर, सोड.

बांगडी का ठोकायची, ते मलाच ठाऊक होतं. अवधूतचा डावा कान गेलाय आणि उजवाही बेताचाच आहे. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही, कारण आमच्या आळीमागे लूम आहेत आणि त्या खडखडाटात इथे सगळेच एकमेकांवर ओरडतात. एकदा दिवसभर वीज गेली होती. लूम बंद, सगळं शांत. मी विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?" तो म्हणाला, "हं." मी मीठ घालायलाच विसरले होते. तेव्हापासून मी त्याचा तो हं ओळखते. ऐकू आलं नाही की तो हं म्हणतो. मी त्याला सांगितलं नाही. फोन आला की मीच उचलायचे, पाहुण्यांचे प्रश्न मीच मोठ्यानं पुन्हा विचारायचे, आणि गाडीत बांगडी ठोकायचे. ठोका गाडीच्या अंगातून त्याच्या हाताला कळायचा. माझ्यावाचून त्याचं अडत होतं आणि ते मला आवडत होतं.

मग माझा गुडघा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, पायावर जोर द्यायचा नाही. मी पलंगावर, आणि त्याच सुमारास ती आली.

मृणाली. जवळच्या अंजूर गावच्या चांगदेवशेठची मुलगी. त्यांच्या शेतात आता गोडाऊनं उभी आहेत आणि त्यांतल्याच एकात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत, ही इंजिनियर. कुणाकडून तरी गाडीबद्दल कळलं म्हणून बघायला आली, आणि पहिल्याच रविवारी चप्पल काढून गाडीखाली शिरली. पोरगी वाईट नव्हती. तेच तर माझं दुखणं होतं. वाईट असती तर मला तिला नावं तरी ठेवता आली असती.

"काकू, तुमी आराम करा. मी हाय ना," ती खिडकीतून म्हणायची.

मी आराम करत होते आणि खिडकीतून सगळं बघत होते. अवधूतनं त्याचे ते इंचाचे पाने, ज्यांना मला पुसण्यापुरताही हात लावू देत नसे, ते तिच्या हातात दिले. स्वतः उठून तिला चहा करून दिला. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील, त्याला साखरेचा डबा कुठला हे माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं. एका रविवारी ती पेडलवर बसली आणि माझी उशी काढून मागच्या फळीवर भिरकावली. तिचे पाय लांब, तिला उशी कशाला लागते! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. साठी उलटलेल्या बाईनं पोरीच्या वयाच्या मुलीवर जळू नये, हे मला कळतं. मी जळत होते.

आणि मग वज्रेश्वरीचं ठरलं. गाडी आणली तेव्हाच अवधूतनं मला शब्द दिला होता, पहिली फेरी वज्रेश्वरीला, तू आणि मी. देवीचं दर्शन घ्यायचं, गरम कुंडात पाय सोडून बसायचं. माझ्या गुडघ्यालाही बरं. मी तेवढ्यावर इतकी वर्षं मोगऱ्यावाचून काढली. तर त्या संध्याकाळी मी खिडकीशी होते आणि मागे लूम खडखडत होते. मृणालीनं विचारलं, "काका, रविवारी वज्रेश्वरीच्या ट्रायलला बाजूला मी बसू काय?"

"हं," अवधूत म्हणाला.

बस. एवढंच. मी खिडकी लावून घेतली.

रविवारी सकाळी दोघं पुन्हा ब्रेकला लागले. निघायच्या आधी पेडल पक्कं झालं पाहिजे होतं. मी स्वयंपाकघरात पोह्यांची फोडणी करत ऐकत होते.

"दाब! धर!"

"धरला काका. टेकला!"

खालून काही नाही.

"काका, सोडू?"

"हं."

तिनं सोडलं. हवा आत. पुन्हा दाब, पुन्हा धर, पुन्हा "सोडू?", पुन्हा तो हं. तेलाची बाटली संपली, दुसरी फोडली. मृणालीनं वॉशर बदलले, नळ्या चाचपल्या. पेडल तसंच, चिखलात पाय घातल्यासारखं मऊ. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! मी पोह्यात दाणे जरा जास्तच घातले. बसा म्हटलं, बसा दाबत.

तेवढ्यात अवधूत चाकाखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "दोन-तीनदा पंप केला की लागतोय ना ब्रेक? मग झालं. हळूहळू नेऊ. हँडब्रेक आहेच."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. वज्रेश्वरीला जाताना अंबाडीच्या रस्त्याला कंटेनर कसे येतात ते मी बघितलंय. त्यांच्यापुढे ही एवढीशी उघडी गाडी, आणि तिच्यात माझा नवरा आणि दुसऱ्याची पोर. मी गॅस बंद केला आणि काठी न घेताच बाहेर आले.

"अशी न्यायची नाही," मी म्हटलं.

"काकू, सगला करून झाला," मृणाली रडकुंडीला आली होती. "हवा कुठून येते तेच कलत न्हाय."

तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. बांगडी नसेल तर पान्यानं ठोक आणि त्याच्या हं वर विश्वास ठेवू नकोस. दोन वाक्यांचं काम. पण ती दोन वाक्यं तिला दिल्यावर माझ्याकडे काय उरलं असतं?

"उतर," मी म्हटलं.

ती उतरली. मी मागच्या फळीवरची माझी उशी घेतली, पाठीशी ठेवली आणि नव्या गुडघ्यासकट पाय पेडलवर ठेवला. अवधूत खाली गेला. दाब. धर. ठक. सोड. दाब. धर. ठक. सोड. गुडघ्यातून कळ येत होती, पण मी मेले असते तरी कण्हले नसते. चारी चाकं झाली आणि पेडल असं कडक झालं की पायाखाली जणू फरशी.

मृणाली माझ्याकडे बघत राहिली. "काकू, तुमी त बोललाच न्हाय काय. नुसता ठोकला."

मी उशी सारखी केली. पण पोरगी हुशार. ती अवधूतच्या डाव्या बाजूला गेली. तो वाकून पाने डब्यात ठेवत होता. साध्या आवाजात तिनं विचारलं, "काका, गाडी इकून टाकायची काय?"

"हं," अवधूत म्हणाला.

ती हसली नाही. हसली असती तर मी तिला तिथल्या तिथे हाकलली असती. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं, आणि अवधूतनं आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे.

"काय झालं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी गाडीतून उतरून त्याच्या उजव्या बाजूला गेले. "तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानंही कमीच येतं."

"कधीपासून?"

"तन्याच्या लग्नाआधीपासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मी ठोकत होते ना."

हातातला पाना त्यानं नीट पुसला, डब्यात ठेवला, झाकण लावलं. मग खिशातून किल्ली काढून मृणालीच्या हातात दिली. "ही कानांनी चालवायची गाडी आहे," तो म्हणाला. "तू चालव." आणि माझ्यासाठी दुसरं दार उघडलं. "बस. तुला शब्द दिला होता."

मी बसले. नको म्हणायला हवं होतं हे मला कळत होतं, पण मी त्या सीटसाठी फार जळले होते. मृणालीनं इंजिन सुरू केलं, गाडी थरथरली आणि फाटकाबाहेर पडली. एवढ्याशा आरशात अवधूत दिसत होता, काळ्या हातांनी फाटक धरून उभा. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. खिडकीत उभी असताना माझाही असाच होत असणार. दोन सीटच्या गाडीत तिसऱ्याचा चेहरा असाच होतो. सूड उगवल्यासारखं गार वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

आळीच्या टोकाला मृणाली म्हणाली, "काकू, एक इचारू? त्या दिवशी मी बोलली, बाजूला मी बसू काय, तवा काका हं बोलले. म्हंजे त्यांला ऐकूच आला नसंल, न्हाय?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तो हं सगळ्या जगात एका माणसाला कळतो, आणि त्या माणसानं, म्हणजे मी, त्याला होकार समजून आठवडाभर घरात तोंड पाडून हिंडावं! मत्सरानं माझे कान त्याच्यापेक्षा बहिरे केले होते.

"थांब," मी म्हटलं.

तिनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मीच दाबून पक्का केलेला ब्रेक होता तो.

"मागे घे."

"मागं घेतली त उतरनार कोन?"

"तू," मी म्हटलं. "चालवतील ते. ऐकेन मी."

तिचा चेहरा पडला. बिचारीनंही या गाडीत रविवार घातले होते. "पुढच्या रविवारी तू चालव," मी म्हटलं, "मी तुला पेडलची युक्ती शिकवते." हे बोलताना माझ्या जिवावर आलं, पण बोलले.

अवधूत अजून फाटकातच होता. "काय झालं? ब्रेक लागला नाही?"

मी उतरून त्याच्या उजव्या कानापाशी गेले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, बाजूला मी बसू का?"

या वेळी तो हं म्हणाला नाही. "म्हणजे?" तो वैतागून म्हणाला, "दुसरं कोण बसणार तिथे?"

मृणालीनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि उशी माझ्या. माझी सीट नेमकी त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला आहे. मी बसले, दार ओढून घेतलं, मागून काही येत नाही ना ते पाहिलं आणि दारावर एकदा बांगडी ठोकली. त्यानं ब्रेक सोडला.