औषधाचा वास

रविवारच्या पुरवणीत साधनाचं एक पान असे. जगात कुठे काय नवं संशोधन झालं ते चार चौकटींत मराठीत आणायचं: वैद्यक, भौतिकशास्त्र, तंत्रज्ञान, जीवशास्त्र. या आठवड्याच्या तीन चौकटी सहज झाल्या. विश्वाच्या जन्मापासून चालू असतं तरी आजवर सेकंदभरही चुकलं नसतं असं एक घड्याळ. माणसाच्या बोलण्यावरून आजार ओळखू पाहणारं यंत्र. जखमी सोबतिणीचा पाय कुरतडून तिचा जीव वाचवणाऱ्या मुंग्या. मुंग्यांवर तिने जरा जास्तच वेळ घालवला, कारण उरलेली चौकट कंपवाताची होती.

उन्हाळ्यात तिचे वडील, अण्णा, त्यानेच गेले. शेवटी शेवटी चमचा तोंडापर्यंत पोहोचत नसे. पाणीसुद्धा घशात अडकायचं. साधनाने त्या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं होतं, पण ते निदान झाल्यावर.

काही तणनाशकं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांना या आजाराचा धोका जास्त असतो, हे तिला माहीत होतं. चौकटीसाठी आलेल्या अभ्यासाचा भर दुसऱ्याच गोष्टीवर होता. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी अनेकांचं नाक काम करेनासं होतं. ते इतकं हळूहळू होतं, की ज्याचं होतं त्याच्याही ते लक्षात येत नाही. तिने ते जसंच्या तसं मराठीत आणलं आणि पान पाठवून दिलं.

थोड्याच वेळात पुरवणी बघणाऱ्या प्रतिभाताईंचा फोन आला.

"साधना, रविवार आहे गं. लोक मिसळ खाताना वाचतात. जरा हलकं काही दे ना."

"मुंग्या आहेत की."

"त्या पाय तोडतायत!"

"जीव वाचवायला."

प्रतिभाताई हसल्या. मग एकदम आठवल्यासारखा आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि ते कंपवाताचं... तुला जमलं ना लिहायला?"

"जमलं," साधना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर रोडवरच्या घराला कुलूप लावून ती मळ्यात गेली. मखमलाबादच्या पुढे त्यांची थोडी जमीन होती. अण्णांनी तिथे आयुष्यभर शेवंती आणि झेंडू पिकवला. आता धाकटा भाऊ जीवन पिकवत होता. दसरा तोंडावर होता. आई, गोजराबाई, घराच्या ओट्यावर पाटीतला झेंडू निवडत बसली होती.

"आलीस? वाळलीस किती गं," आई म्हणाली. "जीवन तिकडं शेडपाशी हाय. त्याला चहाला बोलव. कालपासून बांधावरचं गवत डोक्यात घेऊन बसलाय."

पत्र्याच्या शेडपाशी जीवन निळ्या ड्रममध्ये तणनाशक कालवत होता. कालवायची ही पद्धत अण्णांची. डब्याच्या टोपणाने मोजायचं नाही. ओतत जायचं, काठीने ढवळायचं आणि वास नाकात चढला की थांबायचं. अण्णांना ते त्यांच्या वडलांनी कीटकनाशकावर शिकवलं होतं, अण्णांनी जीवनला शिकवलं. आसपासचे लोक अण्णांबद्दल कौतुकाने म्हणत, भिमाजीचं नाक म्हणजे तराजू.

"ये ताई. लांब उभी राहा, तुझी साडी खराब होईल," जीवन म्हणाला. "काय म्हणतंय तुझं विज्ञान? चंद्रावर झेंडू लागतो का?"

"तुला विचारूनच लावणार आहेत."

"मग दसऱ्याआधी सांग म्हणावं. भाव पडायला नको." त्याने डबा आणखी कलता केला. काठी फिरवली, वाकून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि परत ओतलं. साधनाच्या घशात तोवर जळजळ सुरू झाली होती. तिने पदर नाकाला लावला.

"जीवन, बस की. किती ओततोस?"

"काय करू? आजकाल औषधात दमच राहिला नाय. भेसळ करतात साले. पहिल्यासारखा वासच नाय."

साधना होती तिथेच थांबली. हे वाक्य तिने ऐकलं होतं. याच शेडपाशी, अण्णांच्या तोंडून, ती कॉलेजात असताना. त्या वर्षी कडेची शेवंती करपली होती आणि अण्णा दुकानदाराशी भांडून आले होते. नंतर दर हंगामात ते हेच म्हणत आणि दर हंगामात थोडं जास्त ओतत. घरातल्या सगळ्यांना ते पटायचं. तिलाही पटायचं.

ओट्यावरून आई खोकली. पदराने तोंड झाकत ओरडली, "जीवन्या! केवढं ओतलंस रे? इथवर नाकात जातंय!"

जीवनचा हात डब्यावरच राहिला. त्याने आईकडे पाहिलं, मग ताईच्या नाकाला लावलेल्या पदराकडे.

"खरंच येतोय वास?"

"डबा खाली ठेव," साधना म्हणाली.

"अगं पण..."

"ठेव आधी."

त्याने ठेवला. तिने त्याला शेडपासून लांब, वारा येत होता त्या बाजूला नेलं. वाटेत शेवंतीचं एक फूल खुडलं, पाकळ्या बोटांत चुरडल्या आणि हात त्याच्या नाकापुढे धरला.

"याचा येतो?"

"शेवंतीला कुठं एवढा वास असतो?" तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने दोनदा खोल श्वास घेतला. "सर्दी असंल मला."

"कधीपासून?"

त्याने परत श्वास ओढला. नाक मोकळं होतं, हे दोघांनाही ऐकू येत होतं.

मग तिने सांगितलं. कालच लिहिलेलं होतं, त्यामुळे वाक्यं तयार होती आणि त्याची तिला शरम वाटली. वास जाण्याची कारणं पुष्कळ असतात, हेही सांगितलं. डॉक्टरांना दाखवायचं, तपासायचं, एवढ्यावरून काही ठरत नाही. जीवन मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे अण्णा जितकं जास्त ओतत गेले..."

"हो."

"आणि त्यांना वाटायचं औषध नकली."

"हो."

"आणि मी बी." तो हसल्यासारखा झाला. "यावर काही निघालंय का? तू तर सगळं वाचतेस."

"प्रयोग चालू आहेत."

"कुणावर?"

"सध्या उंदरांवर."

"उंदीर बरे होतात?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "काही होतात. पण उंदरांचं माणसात उतरतंच असं नाही."

"असली बातमी छापत जाऊ नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. ओट्यावर आई पाट्या उचलत होती. "आईला यातलं काही सांगू नको. तिनंच एवढी वर्षं अण्णांना ड्रमात पाणी भरून दिलं."

"नाही सांगत. पण उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात येतोस."

"दसरा झाल्यावर."

"उद्या."

त्याने मान हलवली. ते हो होतं की नाही, तिला कळलं नाही. मग त्याने विचारलं, "अण्णांचा कुठला हात आधी थरथरला होता?"

"डावा."

जीवनने दोन्ही हात पुढे केले, तळवे खाली, बोटं सुटी. ऊन चांगलं वर आलं होतं. नखांत हिरवट औषध होतं, मनगटावर काठीचा चिखल वाळला होता. हात स्थिर होते. त्याने ते तसेच धरून ठेवले, आणि 'आता खाली घे' असं साधनाला काही केल्या म्हणता येईना. आईने चहाला हाक मारली, परत मारली, तरी दोघं त्या हातांकडे बघत उभे होते.