तरंगत ठेवलेली बाई

लिओनिलाला कामावरून काढलं नव्हतं. तसं कुणी म्हटलंच नव्हतं मुळी! ज्या पतपेढीच्या दारात ती वर्षानुवर्षं पट्टा-शिट्टी लावून उभी राहिली, तिथला पहारा कमी झाला आणि तिच्या सिक्युरिटी कंपनीतल्या आर्सेनियो सरांनी सांगितलं, "ताई, दुसरी जागा निघाली की फोन करतो." आमच्या फिलिपिन्सात, इलोइलोतले पहारेकरी याला तरंगत ठेवणं म्हणतात. घ्या! माणूस काय ओंडका आहे, पाण्यात सोडून द्यायला?

उन्हाळ्यात तरंगायला लागलेली लिओनिला नाताळ आला तरी तरंगतच होती. फोन उशाशी, गणवेश इस्त्री करून खिळ्याला. खोलीत बोलायला कुणी नाही. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी आखातात कामाला. मुलगी फोनवर विचारायची, "आज ड्यूटी कुठे गं आई?" ही ठोकून द्यायची, "आज सुट्टी आहे." रोजच कशी सुट्टी, हे त्या पोरीला कळत असणारच. पण आमच्या लोकांना एकमेकांची लाज झाकायची भारी सवय.

अशात एका दवाखान्याच्या फाटकावर जागा निघाली, पण दुसऱ्या कंपनीची. तिथे सही केली, तर आर्सेनियो सर कानांवर हात ठेवणार: बाई आपणहून गेली, आम्ही कुठे काढलं? मग इतक्या वर्षांच्या नोकरीचं जे काही पदरात पडायचं, त्यावर पाणी. नाही केली, तर चूल थंड. इकडे आड, तिकडे विहीर. तिला फक्त एक शब्द हवा होता, ठेवलंय की काढलंय. आणि सगळ्यांनी नेमकं त्याचंच भिजत घोंगडं करून ठेवलं होतं.

तेवढ्यात कंपनीच्या नाताळच्या जेवणाचं बोलावणं आलं. तिचा जीव भांड्यात पडला. काढलेल्या माणसाला कुणी जेवायला बोलावतं का? तिने पान्सितच्या शेवया केल्या, कोळंबी जरा सढळ हाताने घातली आणि गणवेश चढवून गेली.

"आली गं बाई आमची!" पूर्वी तिच्या जोडीने पतपेढीच्या दारात उभी राहणारी जोव्हेलिन गळ्यातच पडली. "आणि एवढी कोळंबी? लॉटरी लागली की काय?"

सगळे हसले. तीही हसली. मग दरवर्षीसारख्या बाह्या सारून ती अंगणातल्या मोरीकडे वळली. या जेवणाला वाढणं-घासणं पहारेकरणीच करतात, आणि खरी थट्टामस्करी चालते तीही तिथेच. जोव्हेलिनने तिच्या हातातली घासणी काढून घेतली.

"तू बस ना ताई. पाहुण्यांनी कुठे भांडी घासायची असतात?"

पाहुणी! लिओनिला मुकाट्याने खुर्चीवर जाऊन बसली. भाजलेल्या डुकराची खरपूस साल सरांनी स्वतः तिच्या ताटात वाढली. इतक्या वर्षांत ती कधी तिच्या वाट्याला आली नव्हती. घास तोंडात फिरत राहिला. एवढ्या माणसांत तिला आपल्या खोलीपेक्षाही एकटं वाटलं, आणि इथेच रडू फुटतंय की काय याची धास्ती वाटली.

जेवणं झाल्यावर दरवर्षीचा फोटो. गणवेशातले सगळे पायऱ्यांवर चढले. लिओनिलाही उठली, पट्टा सारखा केला. चार माणसांत वरिष्ठाला सरळ तोंडावर विचारणं म्हणजे आमच्यात उद्धटपणा. पण तिने मनाचा हिय्या केला.

"सर, मी अजून तुमच्याकडे आहे ना? मग मी कुठे उभी राहू?"

सर गडबडले. पायऱ्यांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून अगदी मायेने तिच्या हातात ठेवला. "तू काढ ना गं ताई. तुझा हात हलत नाही."

जोव्हेलिन आपल्या बुटांकडे बघत होती. लिओनिलाने फोन वर धरला.

"हसा," ती म्हणाली. हसले बिचारे.

सरांनी फोटो बोटांनी मोठा करून एकेक चेहरा तपासला. "झकास! सगळे आलेत बघ."

"हो सर, सगळे आलेत," लिओनिला म्हणाली. "एवढं उन्हाळ्यातच सांगितलं असतंत, तर तुमचं काय बिघडलं असतं हो?"