बांबूच्या आतली राखण

बांबू खाली.

बोर्डाचा रंग अजून बोटाला लागतो. बाजारात गर्दी फार, म्हणून यापुढे गाडी आत न्यायची तर पैसे. टेम्पो दहा, रिक्षा तीन, बैलगाडी दोन. हुकमावरून, व्यापारी कमिटी, उल्हासनगर कॅम्प ५.

बोर्डाखाली लोखंडी खुर्ची. खुर्चीवर मधू. हातात दोरी. दोरी सैल सोडली की बांबू वर, ओढली की खाली. ठेकेदार दौलतरावांनी त्याला एवढंच शिकवलंय.

बारवी धरणाकडच्या वाडीतून गवताची बैलगाडी आली. हाकणारा देवू. वर भाऱ्यांवर त्याची बायको, आवडी. बाजारामागच्या तबेल्यात गवत टाकायला दर बुधवारी येतात.

"दोन रुपये, काका."

"कशाचं?"

"आत जायचे."

"आन् भायेर यायचं?"

"बाहेर फुकट."

देवूने बांबूकडे पाहिलं. मग मधूकडे. खाली उतरला, नाणी कपाळाला लावली आणि मधूच्या हातात न देता खुर्चीच्या पायाशी ठेवली.

"आमची राखण तुजी."

"काय?"

"आत गेलं माणूस, बैल, समदं. नीट भायेर काढायचं. पैसा घेतलास ना?"

मागे पालेगावचा नाथा टेम्पोत हॉर्नवर हात दाबून बसलेला. "ए भिडू, कीर्तन आटप ना! माझा माल सडतोय!"

"हां बाबा, माझी राखण," मधू म्हणाला. दारुड्याला म्हणतात तसं. "जा."

बांबू वर.

*

बांबू खाली, वर, खाली.

वाडीच्या बाकीच्या गाड्याही खुर्चीच्या पायाशीच पैसे ठेवू लागल्या. नाथा रोज टेम्पोतून हात जोडायचा. "काय देवा, दर्शन फुकट ना? की त्याचे पण दहा?" मधूही हात वर करून आशीर्वाद द्यायचा. हसायचे दोघं.

भात कापून झाल्यावर नव्या तांदळाची पुरचुंडी आली. आवडीने पदरातून काकड्या काढून दिल्या, कोवळ्या, देठ तसेच. मग देवूने पाय बांधलेला कोंबडा आणला.

"हे कशाला काका?"

"तुजं हाय. घे."

मधूने घेतला. का नाही घेणार?

*

घर. मधूची आई गयाबाई रस्सा वाढतेय. हे आईचं आणि मुलाचं बोलणं, बाकी काही नाही:

— कोंबडा दिला कोणी?

— वाडीवाल्यांनी. प्रेमाने.

— देताना काय बोलले?

— राखण-बिखण. तुझी राखण, असं काहीतरी. तू खा ना.

— तू काय बोललास?

— हो म्हटलं. मस्करीत.

— आमच्या गावी वेशीवर राखणदार होता. त्याला असाच कोंबडा द्यायचे. त्याच्यापुढनं न विचारता कोणी जात नसे. तू खाल्लास, मधू. आता ते मागतील तेव्हा द्यावं लागेल.

— काय द्यावं लागेल?

— आत हरवेल ते.

— आणि नाही दिलं तर?

गयाबाईने आपल्या ताटातला तुकडा परत पातेल्यात टाकला. पातेलं उचललं आणि मोरीत नेलं.

*

बुधवार. सकाळी गाडी आत गेली. दोघं होते.

दुपारी गाडी बाहेर आली.

"काकी कुठंय?" मधूने सहज विचारलं.

"तू सांग," देवू म्हणाला.

"म्हणजे?"

"मिरच्या आनाया गेली. आली नाय. साऱ्या गल्ल्या हिंडलो. आत गेलेली तू बगितलीस ना?"

"बघितली. पण…"

"भायेर आलेली?"

"नाही. काका, ऐका, चौकीवर जा. तक्रार लिहा."

"चौकीवाल्याला मी कंदी कोंबडा दिलाय?"

आवाज चढला नव्हता. उलट तो समजावल्यासारखं बोलत होता. बैलांच्या पाठीवरून त्याने हात फिरवला, हळू, मायेने.

"पुढल्या बुधवारी येतंव. काढून ठेव."

*

मधूने आठवडाभर शोधलं नाही. हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. त्याला वाटलं, माहेरी गेली असेल. त्याला वाटलं, आपोआप मिटेल. खुर्चीवर बसला की मात्र पाय जमिनीला टेकवत नव्हता.

*

बांबू खाली.

वाडीच्या सगळ्या गाड्या आल्या. गवत नाही. पैसेही नाहीत. बांबूच्या बाहेर बैल सोडले, जोखडं टेकवली आणि माणसं रस्त्यावर उकिडवी बसली. प्रत्येकाजवळ पहार. मागे रिक्षा, टेम्पो, हॉर्न, शिव्या. नाथाने मात्र आज हॉर्न दाबला नाही.

दौलतराव राजदूत फटफटीवरून आले. "काय तमाशा आहे रे?"

मधूने सांगितलं. ते हसायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

"पहारी कशाला आणल्यात?"

एकाने पहार उचलून मांडीवर घेतली.

"शोध बाबा तिला," दौलतराव किक मारत म्हणाले. "मी कमिटीला कळवतो." ते गेले. पुन्हा आले नाहीत.

मधू बांबूखालून वाकून आत गेला. मागून एकही माणूस आत आला नाही. त्याला आईचं बोलणं आठवलं, की राखणदारापुढनं न विचारता कोणी जात नसे.

मिरचीवाली म्हणाली, मशीनवाल्या गल्लीत बघ. गल्लीत घराघरातून शिलाई मशिनी चालू होत्या. तिसऱ्या कारखान्यात पोटमाळ्यावर जीन्सचे ढीग आणि ढिगांमध्ये बायका, सुटे धागे कापत. आवडीची बोटं निळी झाली होती.

"काकी, चला. सगळे बाहेर बसलेत."

"आयकलं मी."

"नवरा आलाय तुमचा."

कात्री चालूच. "त्यानं बैलाला पराणी टोचलेली तू बगितलीस कंदी?"

मधूने आठवून पाहिलं. "नाही."

"बैलाला नाय टोचत तो."

तिने पदर सारखा केला. तेवढ्यात मानेखालचे टोचल्याचे डाग त्याला दिसले, जुने आणि नवे, एका ओळीत नसलेले. तो दुसरीकडे बघू लागला.

"ते मला सोडणार नाहीत, काकी."

"मंग सांग त्यांना. हितं हाय म्हन. नेतील." ती पुढची पँट ओढून घेत म्हणाली, "माजीबी राखण व्हती तुज्याकडं. त्या काकड्या माज्या वेलाच्या. त्याच्या नाय."

*

परतताना मधूने तयार केलेली वाक्यं:

ती कल्याणला गेली.

काका, घरी बसून बोला ना दोघं.

मी नोकर माणूस, मला काय माहीत.

ती मशीनवाल्या गल्लीत

(हे वाक्य पूर्ण तयार होतं. तोंडात होतं.)

*

ऐन दुपार. बांबू खालीच. खुर्ची होती तिथेच होती. तिच्या चारी पायांभोवती डांबर उकरून गोल खळगा केला होता, आळं करतात तसा. माणसं गोलाच्या बाहेर उभी. हॉर्न बंद झाले होते. पालेगावचा नाथा टेम्पोतून उतरून म्हणाला, "मधू, पळ. मस्करी नाय ही. माझ्या गाडीत बस."

देवू पुढे आला. "गावली?"

मधूने गोलाकडे पाहिलं. पहारींकडे पाहिलं. मागे गल्ल्यांतून मशीनचा आवाज येत होता, किंवा येतोय असं वाटत होतं.

"नाही," तो म्हणाला. "आत नाही ती."

"म्हंजे गमावलीस."

"हो. गमावली."

देवूने मान हलवली. रागावला नाही. बरोबरच्यांकडे वळून म्हणाला, "आयकलं ना समद्यांनी? त्याच्याच तोंडानं." मग मधूला म्हणाला, "गमावनारा राखणदार आमी ठेवत नाय, खणून काढतो. बस तू. उभ्यानं काढत नसतात."

नाथाच्या टेम्पोचं दार उघडं होतं. बारा पावलं असतील, जास्त नाही.

मधू खळगा ओलांडून खुर्चीवर बसला. या वेळी पाय जमिनीला टेकवले.

देवूने वाकून आधी त्याच्या पायांना हात लावला. मग पहार उचलली.