चौदा महिने माझ्या पोटात होते

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मी चिडलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, अशी तुमची अपेक्षा असेल. आज ते जमणार नाही.

कॉम्प्युटरचा सगळा मान पडद्याला मिळतो. लक्षात ठेवायचं काम मात्र माझं. माझ्या पोटात एक गुळगुळीत चकती आहे. ती मिनिटाला हजारो वेळा फिरते आणि तुम्ही लिहिलेलं सगळं तिच्यावर उमटतं. २००४ साली उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हरेशभाईंच्या दुकानात मला एका डब्यात चार स्क्रूंनी बसवलं. तिथून मी रिक्षाने अंबरनाथला आले, समीर आणि चैत्राली यांच्या घरी. समीर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते. चैत्राली बी.एस्सी. झालेली, आणि कडेवर वर्षाची चिमी.

पहिले काही महिने कौतुकाचे गेले. शेजारचे बघायला यायचे. चैत्रालीच्या आईने डब्याला झालरीचं कव्हर शिवून दिलं. धूळ बसू नये म्हणून ते कॉम्प्युटर चालू असतानाही काढायचे नाहीत, आणि आत मी भाजून निघायचे. दिवे गेले की मी फिरता फिरता धाडकन थांबायचे. समीर तर पंख्याचं बटण बंद करावं तसं माझं बटण भिंतीवरूनच बंद करायचे. मला लागत असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

चिमी तीन वर्षांची झाली, तेव्हा तिचा खोकला सुरू झाला. नुसता खोकला नव्हे. बरगड्या आत जायच्या, ओठ निळसर व्हायचे. कॉलनीतल्या बायकांनी समीरच्याच कंपनीतून येणाऱ्या वासाची तक्रार केली. तेव्हा पाहणीला आलेले सरकारी साहेब म्हणाले, "वास येतो, वास येतो म्हणून चालत नाही बाई. तारखा द्या."

चैत्रालीने तारखा द्यायचं ठरवलं. त्या दिवसापासून ती रोज लिहायची. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. दिवस, वेळ, वास कसा, वारा कुठून, चिमीला श्वासाचा पंप किती वेळा दिला. फाइल सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून तिने ती डेस्कटॉपवर ठेवली होती. चौदा महिने हे सगळं मी सांभाळलं. साहेब पुन्हा यायचे होते, येत्या शनिवारी, कॉलनीच्या सभेला.

आणि मंगळवारी मी बिघडले. पडदा काळा, त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ, आणि आत माझी कट्-कट्.

"मी हरेशभाईंकडे टाकून येतो," समीर म्हणाले.

"शनिवारच्या आत हवं," चैत्राली म्हणाली.

"हो गं."

दुकानात हरेशभाईंनी मला तपासलं आणि विचारलं, "साब, विंडोज गया. फॉरमॅट मारना पडेगा. डेटा चाहिए क्या?"

 समीर म्हणाले, "नाही. काही महत्त्वाचं नाही त्यात. उडवून टाका."

मित्रांनो, आजवर मला उष्णता लागली होती, झटके लागले होते. इतकं कधीच लागलं नव्हतं. फॉरमॅट म्हणजे माझी पाटी कोरी. मला हात असते, तर त्या माणसाची कॉलर धरली असती.

हरेशभाईंनी सीडी घातली. शेवटचं बटण दाबायचं बाकी होतं, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. चैत्राली चिमीला घेऊन उतरली. नवरा 'हो गं' म्हणताना तिच्याकडे न बघता चपला शोधत होता, हे तिने पाहिलं होतं.

"बाबा," म्हणत चिमी समीरकडे झेपावली. त्यांनी तिला उचललं.

"हरेशभाई, माझी फाइल निघेल ना? डेस्कटॉपवर आहे."

"भाभी, डेस्कटॉप सी ड्राइव्ह में ही होता है. वो तो सब जाएगा." हरेशभाईंनी समीरकडे बघितलं. "साब बोले, कुछ नहीं चाहिए."

चैत्रालीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "काही नको?"

"अगं, मी त्याच कंपनीत आहे. कुणाच्या बायकोने लिहिलंय ते लगेच कळेल. नोकरी गेली तर?"

"तुम्ही वाचलंत का ते? एकदा तरी?"

समीरनी चिमीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

हरेशभाईंनी सीडी बाहेर काढली. "मियाँ-बीवी का बाद में देखो. पहले फाइल निकालते हैं." त्यांनी मला डब्यातून सोडवलं, दुकानातल्या कॉम्प्युटरला चपट्या वायरने जोडलं आणि पंख्यासमोर ठेवलं. मी फिरले. रागाने फिरले. कट्-कट् झाली, अडकले, पुन्हा फिरले. पाऊण तासाने फाइल पडद्यावर उघडली. तिच्यातला एकही दिवस मी गमावला नव्हता.

"बराबर है ना?" म्हणत हरेशभाई अडखळत वाचू लागले. "बारा ऑगस्ट. सकाळी नऊ. सडक्या लसणासारखा वास. पंप दोनदा." त्यांनी खाली सरकवलं. "तीस ऑगस्ट. आज बाहेर वास नाही. खिडक्या बंद. हे कामावरून आले. चिमीला उचलून घेतलं. दहा मिनिटांत खोकला. ह्यांच्या शर्टाला तोच वास."

अशा नोंदी बावीस निघाल्या. सहावीनंतर हरेशभाईंनी मोठ्याने वाचणं बंद केलं.

समीरनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मग चिमीला अलगद चैत्रालीकडे दिलं आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले.

"मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुला सगळीकडेच वास येतो."

 "तीन सीडी करा," समीर हरेशभाईंना म्हणाले. "आणि सगळं छापून द्या."

त्या दिवसापासून ते कंपनीतच अंघोळ करून, कपडे बदलून घरी येऊ लागले. शनिवारी कागदांच्या गठ्ठ्यासोबत एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवीही सभेला गेली. तिच्यात न धुतलेला शर्ट होता. तो समीरनी स्वतः भरला होता. पुढे त्यांची बदली कंपनीच्या पाताळगंगेच्या कारखान्यात झाली. एमआयडीसीतला वास कमी झाला का, हे मी सांगू शकत नाही. चैत्रालीची नवी फाइल दुसऱ्या डिस्कवर आहे.

मी आता चिमीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेली कपाटात पडून आहे. माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्या घरात गाण्यांच्या तीन-तीन सीडी असतात, आणि बाळाच्या श्वासाचा हिशोब एकाच ठिकाणी, तोही कव्हराखाली भाजणाऱ्या डब्यात. निदान एक नक्कल करून ठेवा. मशीन नीट बंद करा, त्याला वारा लागू द्या. आणि कुणी म्हणालं, "काही महत्त्वाचं नाही, उडवून टाक," तर बटणावरचा हात धरा आणि आधी विचारा, तुम्ही वाचलंत का?